आग्रा रोडवरून आग्र्याला कोण जातं?

दिवाळी आठवड्यावर आली की आग्रा रोडच्या बाजारात, पाचकंदील चौकाच्या तोंडाशी बॅरिकेड लागतात, चारचाक्या आणि रिक्षा आत सोडणं थांबतं, आणि धुळ्यात ठरलेला वाद सुरू होतो. हे बॅरिकेड बाराही महिने का नको, असं एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, चार दिवस ठीक आहे, कायमचं केलंत तर पेठेत कुत्रं फिरकणार नाही. मग पहिला मोबाइल काढून युरोपातल्या कुठल्याशा शहराची चकचकीत फरसबंदी दाखवतो: मध्ये कारंजं, कडेला खुर्च्या टाकून कॉफी पिणारी माणसं. दुसरा हसून विचारतो, "भाऊ, मे महिन्यात त्या खुर्चीवर बसून दाखव." बोलणं तिथेच संपतं ते पुढच्या दिवाळीपर्यंत.

ज्या रस्त्यावरून दोघं भांडतात त्या रस्त्याकडे दोघांपैकी कोणीच बघत नाही, ही माझी तक्रार. माझं मत आधीच सांगून टाकतो. आग्रा रोडचा बाजाराचा पट्टा सकाळी अकरा ते रात्री नऊ वाहनांना बंद करावा, दुचाकीसकट. दुकानांचा माल पहाटेपासून दहापर्यंत उतरवून घ्यावा. आणि लोटगाडीवाल्यांना, म्हणजे हातगाडीवर माल विकणाऱ्यांना, हुसकून न लावता, त्यांना त्याच रस्त्यावर आखीव जागा देऊन हे करावं. यातली शेवटची गोष्ट गाळायची असेल तर पहिल्या दोन करूच नयेत, असंही माझं मत आहे. त्याचं कारण पुढे येईलच.

सुरुवात रस्त्याच्या नावापासून करू. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, खानदेश कंपनीकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथला पोलिटिकल एजंट झाला. दुसऱ्याच वर्षी त्याने मुख्य ठाण्यासाठी धुळे निवडलं. गाव खानदेशच्या मधोमध होतं आणि पुण्याकडून हिंदुस्थानात, म्हणजे उत्तरेकडे, जाणाऱ्या वाटेवर होतं. ब्रिग्जने नवी पेठ आखली, सरळ आणि एकमेकींना समांतर गल्ल्यांची. आजही आपण पत्ता सांगताना गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असंच म्हणतो. त्याने लांबून कारागीर आणवले. लोक येऊन वसावेत म्हणून घरांच्या जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, वर बांधकामाला उचलही दिली. बाजार आपला आपण वाढतो, सरकारने आणि महापालिकेने त्यात नाक खुपसू नये, असं आज जे म्हणतात ते दोनशे वर्षांपूर्वी कोणीतरी नाक खुपसून आखलेल्या पेठेतच बसून म्हणतात.

या पेठेतून मुंबई-आग्रा रस्ता जायचा. आधी बैलगाड्या, मग लॉऱ्या. आग्र्याकडे निघालेला माल खरोखरच या दुकानांपुढून जात असे. पुढे महामार्ग वस्तीबाहेरून गेला. आता आग्र्याला जाणारा ट्रक आग्रा रोडवर चढत नाही, उरलंय ते फक्त नाव. रस्त्यावरची वाहतूक हाच बाजाराचा प्राण असता, तर ती गेली तेव्हा बाजारानेही तिच्यामागे जायला हवं होतं. प्रत्यक्षात महामार्गाच्या कडेला कोण बसलं? ढाबेवाले, पंक्चरवाले, टायरवाले, पेट्रोल पंप, गॅरेज. ज्यांचं गिऱ्हाईक गाडी होतं ते गाडीकडे गेले. कापडवाले, सराफ, भांडीवाले, बांगड्यावाले यांचं गिऱ्हाईक माणूस होतं, ते जागचे हलले नाहीत. म्हणजे या बाजाराने एकदा सगळ्यात मोठी वाहनबंदी पचवलेली आहे. तिला आपण त्या नावाने ओळखत नाही, इतकंच.

मग आज या रस्त्यावर गर्दी करणारी वाहनं कोणाची? कोणत्याही कामाच्या दिवशी सकाळी साडेदहाला येऊन उभं राहावं आणि कोण कुठे गाडी लावतं ते पाहावं. शटर वर जाण्याआधी दुकानापुढे पहिली दुचाकी लागते ती खुद्द मालकाची. मग सेल्समनची, मग हिशेब लिहिणाऱ्याची, मग शेजारच्या वरच्या मजल्यावर ऑफिस असलेल्याची. या गाड्या सकाळी लागतात आणि रात्री दुकान वाढवताना निघतात. गिऱ्हाईक त्यांच्या पलीकडे, म्हणजे रस्त्याच्या मध्यात, आपली गाडी तिरकी घालतं आणि मागून येणारा हॉर्न वाजवत बसतो. ज्या जागेसाठी व्यापारी भांडतात ती गिऱ्हाइकाला मिळतच नाही, ती त्यांनी स्वतःच व्यापलेली असते. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. माझाही एक मित्र तिथे दुकान चालवतो आणि त्याच्याकडे गेलो की मीही तिथेच गाडी लावतो.

आणि समजा, गाडी गिऱ्हाइकाचीच आहे. जुन्या पेठेतल्या दुकानाचं तोंड असतं दहा-बारा फुटांचं. साधी लहान मोटार बारा-तेरा फूट लांब. म्हणजे प्रत्येक दुकानापुढे एक मोटार लावली तरी शेवटच्या काही दुकानांना जागा पुरायची नाही. ज्या दुकानात एका वेळी तीन-चार घरची मंडळी गादीवर बसलेली असतात, त्याच्या दारात गाडी घेऊन येण्याची सोय फार तर एका घराला मिळू शकते. बाकीचे येतात कसे? ते आजही चालतच येतात. कोणी एसटीने उतरून वाटणीच्या रिक्षाने कोपऱ्यापर्यंत, कोणी गाडी लांब लावून. साक्री, शिंदखेडा, पारोळ्याकडून लग्नाचा बस्ता फाडायला आलेलं दहा-बारा माणसांचं वऱ्हाड मोटारीने दुकानाच्या पायरीशी उतरत नाही. पायी येणाऱ्या गिऱ्हाइकावर चालणारा बाजार गाडीने येणाऱ्यासाठी राखून ठेवायचा, असा हा उफराटा हिशेब आहे.

दुकानदाराला हे दिसत नाही, यात नवल नाही. गाडीने आलेलं गिऱ्हाईक जागेवरून कुरकुर करतं म्हणून लक्षात राहतं, चालत आलेलं गुपचूप पैसे देऊन जातं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात २००६ मध्ये दुकानदारांना विचारलं होतं की तुमच्याकडे मोटारीने किती जण येतात. त्यांचा अंदाज निघाला शंभरात ४१. प्रत्यक्ष गिऱ्हाइकांना विचारल्यावर आकडा आला २२. धुळ्यात आणि ब्रिस्टलमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, मान्य. पण जिथे घरोघर मोटारी आहेत तिथेच व्यापाऱ्यांचा अंदाज दुपटीने चुकत असेल, तर आपल्याकडे तो कमी चुकेल असं मानायला आधार काय?

आता विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते. पहिली गोष्ट ऊन. खानदेशातला उन्हाळा ही थट्टा नाही. वैशाखात पारा ४४-४५ च्या पुढे जातो आणि दुपारी डांबर चपलेला चिकटतं. त्यातच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते, लेकी माहेरी येतात, लग्नसराई भरात असते, म्हणजे खरेदी जास्त ती नेमकी होरपळीच्या दिवसांत. या उन्हात म्हाताऱ्या माणसाला चालायला लावणार का, हा प्रश्न कारंज्याचे फोटो दाखवून उडवून लावता येत नाही. पण दोन गोष्टी बघा. गाडी आत सोडल्याने ऊन टळतं ते काचा लावून एसीत बसलेल्याचं. दुचाकीवरचं माणूस त्याच उन्हात अडकून उभं असतं, आणि चालणारं माणूस ऊन, इंजिनाची धग आणि सायलेन्सरचा धूर असं तिन्ही खातं. दुसरं म्हणजे सावली करता येते, पण ती रस्त्यावर वाहतूक नसेल तर. ज्या रस्त्याने उंच टेम्पो जातो त्याच्यावर माणसाच्या डोक्यापुरतं कापड ताणता येत नाही. आठवडे बाजारात माणसं पालं ठोकतातच ना? स्पेनमधल्या सेव्हियात उन्हाळा आपल्यासारखाच भाजतो. तिथे पेठेतल्या गल्ल्यांवर या घरापासून त्या घरापर्यंत पांढरी कापडं ताणतात आणि खाली बाजार चालतो. नागपुरात तर उन्हाळ्यात सिग्नलवर थांबणाऱ्यांसाठी हिरवी जाळी बांधतात. लाल दिव्यापुरत्या थांबणाऱ्याला सावली आणि तासभर खरेदी करणारीला नाही, असं का? कोपऱ्यापासून तीनशे मीटर चालायचं म्हणजे रमतगमत चाललं तरी पाच मिनिटं. सावली, दर पन्नास पावलांवर माठ आणि टेकायला ओटा असेल तर खानदेशी माणूस पाच मिनिटांना भीत नाही. या तीन गोष्टी आधी करा आणि मग बॅरिकेड लावा, अशी अट व्यापाऱ्यांनी घातली तर मी त्यांच्या बाजूने उभा राहीन.

म्हाताऱ्या माणसांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझी मावशी याच रस्त्यावर जावयाच्या कपड्यांसाठी आली होती. गर्दीतून वाट काढणाऱ्या एका दुचाकीचं हँडल तिच्या कोपराला लागलं, ती लोटगाडीवर आदळली, हात प्लॅस्टरमध्ये. पोरगं थांबलं, माफी मागितली, पाणी दिलं. वाईट नव्हतं बिचारं. तेव्हापासून मावशी पेठेत येत नाही. "पाय ठेवाले जागा नई शे तठे," एवढंच म्हणते, आणि भाचीच्या फोनवरून साड्या मागवते. वाहनबंदीने गिऱ्हाईक तुटेल म्हणणाऱ्यांच्या हिशेबात वाहनांमुळे तुटलेलं हे गिऱ्हाईक कुठे धरलेलं असतं?

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे आणि तो आपल्याकडे कोणी मांडतच नाही, म्हणून मीच मांडतो. अमेरिकेत हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर फसला. कॅलामझू गावाने १९५९ मध्ये आपली मुख्य पेठ गाड्यांना बंद केली. तिचं बघून सुमारे दोनशे गावांनी तेच केलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी पुढच्या काही दशकांत रस्ते पुन्हा उघडले. खुद्द कॅलामझूने काही भाग १९९८ मध्ये गाड्यांना मोकळा केला. फ्रेस्नोने १९६४ मध्ये बंद केलेला रस्ता २०१७ मध्ये उघडला. याउलट कोपनहेगनने १९६२ च्या नोव्हेंबरात आपली मुख्य पेठ आधी प्रयोग म्हणून बंद केली. तिथेही दुकानदारांनी बोंब मारली होती आणि थंडीचंच कारण दिलं होतं, आपण उन्हाचं देतो तसं. पण ती पेठ आजतागायत पायी चालणाऱ्यांचीच आहे. एकच औषध एका गावाला लागू पडतं आणि दुसऱ्याला नाही, असं का? अमेरिकी गावांतली माणसं पेठेत राहत नव्हती. ती आधीच मोटारीने लांबच्या वसाहतींत गेली होती, आणि त्यांच्या वाटेवर फुकट पार्किंगचे मॉल उभे राहिले होते. रस्ता बंद झाला तेव्हा तो मुळातच ओस पडत चाललेला होता. धुळ्याच्या पेठेत खाली दुकान, वर घर आणि मागच्या गल्लीत भाऊबंद अशी वस्ती आहे. रात्री नऊ वाजताही इथे दूध आणायला निघालेली माणसं असतात. आपण आज तरी कोपनहेगनच्या जवळ आहोत, कॅलामझूच्या नाही. आज तरी म्हणतो, कारण देवपूर आणि साक्री रोडकडे नवी घरं वाढताहेत, आणि तिकडे राहायला गेलेल्या पिढीला पेठेत यायचा कंटाळा येऊ लागलाय. वीस वर्षांनी हाच प्रयोग केला तर कदाचित तो कॅलामझूसारखाच होईल.

तिसरा मुद्दा लोटगाड्यांचा, आणि इथे दोन्ही बाजू मला सारख्याच लबाड वाटतात. व्यापारी म्हणतात, वाहनं बंद केलीत की दुसऱ्या दिवशी सगळा रस्ता हॉकर्सनी भरेल. हे अगदी खरं आहे. वाहनबंदीचे समर्थक म्हणतात, मग त्यांनाही हटवू. हे मात्र खोटं आहे, कारण हटवता येत नाही आणि हटवूही नये. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा सरळ सांगतो: आधी सर्वेक्षण करा, नगर पथविक्रेता समिती बसवा, तिच्यात किमान ४० टक्के माणसं विक्रेत्यांचीच हवीत आणि त्यात एक तृतीयांश बाया. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाला उठवता येत नाही. कायद्याचं सोडा, व्यवहाराचंच बोलू. बस्ता फाडून दमलेली बाई ज्या गाडीवर उसाचा रस पिते, पोराला ज्या गाडीवरून फुगा घेते, पिना-रिबिनी-कंगवे घेते, ती गाडी उठवली तर बाईचा पेठेतला मुक्काम अर्ध्यावर येईल. मुक्काम घटला की शेजारच्या पक्क्या दुकानाची विक्रीही घटेल. दुकानदार आणि लोटगाडीवाला एकमेकांना शत्रू मानतात, कारण वाहनांनी जागा खाल्ल्यावर उरलेल्या चार फुटांसाठी दोघांना भांडावं लागतं. ती जागा परत मिळाली की पांढरे पट्टे आखून, मध्ये अग्निशामक बंब जाईल एवढी वाट मोकळी सोडून, दोघांनाही पुरेल इतकं उरतं.

दिल्लीच्या चांदणी चौकाने इथेच मार खाल्ला. २०२१ मध्ये लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा रस्ता नव्याने बांधून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारवाहनांना बंद केला. लाल दगड, बाकं, झाडं, सगळं नेटकं. पण नियम पाळून घेणारा माणूस जागेवर नसला की दुचाक्या शिरतात, आणि कागदावर ज्यांना जागाच नाही ते विक्रेते हप्ता देऊन पुन्हा बसतात, अशी तिथल्या व्यापाऱ्यांचीच ओरड आहे. ज्याला कायदेशीर जागा नाही तो बेकायदा जागा विकत घेतो, आणि ती विकणारा कोणीतरी असतोच. म्हणूनच मी वर म्हटलं की लोटगाड्यांची सोय करायची नसेल तर हा खटाटोप करू नका. पुण्याने लक्ष्मी रोडवर ११ डिसेंबरला पादचारी दिन सुरू केला, तोही चांगला आहे, पण वर्षातून एकदा. त्या दिवशी रस्त्यावर रांगोळ्या आणि सापशिडी असते. बाजाराची परीक्षा होते ती साध्या मंगळवारी.

गल्ल्यांत राहणाऱ्यांचं म्हणणं उरलं. आग्रा रोड बंद केलात की सगळ्या गाड्या आमच्या दारात येतील. येतील, नक्की येतील. यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. गल्ल्या एकाआड एक एकदिशा कराव्या लागतील, गाड्या लावण्याचे पैसे घ्यावे लागतील, आणि ते पैसे पेठेच्या जवळ जास्त आणि लांब कमी असे असावे लागतील. राहणाऱ्यांना पास द्यावा लागेल. सहा महिने शिव्या पडतील. ब्रिग्जने आखलेल्या समांतर गल्ल्यांचा फायदा इतकाच की वाहतूक वळवायला दुसरी वाट आहे. जळगावच्या जुन्या पेठेतल्या बोळांपेक्षा ही अडचण हलकी आहे, पण अडचण आहेच. भांड्यांची गाठोडी, कपाटं, गाद्या यांचं काय, हा प्रश्न मात्र मला खरा वाटत नाही. तिजोरी घेणारा ती आजही काखेत मारून नेत नाही. हमाल आहेत, हातगाडी आहे, कोपऱ्यावर रिक्षा उभी करता येते. उलट एका दुकानाच्या पोऱ्याऐवजी दहा दुकानांनी मिळून दोन बॅटरीच्या गाड्या ठेवल्या, तर सामानही जाईल आणि मावशीसारख्या चार म्हाताऱ्याही बसून येतील.

ही सगळी बाजारात तुरी झाली, प्रत्यक्ष केल्याशिवाय काही कळत नाही, असं कोणी म्हणेल तर ते बरोबरच आहे. पण करून बघायला फारसं लागत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ११५ व्या कलमाने एखाद्या रस्त्यावर वाहनं बंद करता येतात, आणि ती बंदी महिनाभरापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रातल्या अधिसूचनेचीही गरज नाही, स्थानिक जाहिरात पुरते. महिना निवडायचा तो दिवाळीचा नको, दिवाळीत दगडही विकला जातो. आखाजीनंतरचा वैशाख घ्या, ऊन आणि बस्ते दोन्ही ऐन भरात असताना, म्हणजे माझ्या बाजूला सगळ्यात अवघड जाईल असा महिना. कापडं ताणा, माठ ठेवा, पट्टे आखा. त्या महिन्यात प्रत्येक दुकानदाराने गल्ल्यावर एक शंभरपानी वही ठेवावी आणि येणाऱ्याला बिल देताना एकच विचारावं: कशाने आलात? महिना संपला की ती वही, यंदाची विक्री आणि गेल्या वैशाखाची विक्री शेजारी-शेजारी मांडून बसू. पाचकंदीललाच बसू, चहा माझ्याकडून.